माघारीच्या दिवसाचा संदर्भ

त्या वर्षी आमच्या घरात भाकरीच्या खालोखाल कुठला शब्द कानावर पडत असेल, तर तो ‘संदर्भ’. मी शिरूरच्या एका कॉलेजात राज्यशास्त्रात एम.ए. करत होते आणि शेवटच्या वर्षाला लघुप्रबंध लिहायचा होता. आमचे मार्गदर्शक जगदाळे सर सज्जन माणूस, पण हातात लाल पेन आलं की त्यांचा सज्जनपणा संपायचा. माझ्या प्रत्येक वाक्याच्या शेवटी ते गोल काढायचे आणि गोलात लिहायचे, ‘संदर्भ?’ मी ‘महाराष्ट्रात खेडी आहेत’ असं लिहिलं असतं तरी तिथं गोल आला असता, याची मला खात्री होती. हे सगळं मी घरी येऊन चिडून सांगायचे, त्यामुळे हा शब्द सगळ्यांच्या तोंडी बसला. जेवताना भाजीत मीठ कमी आहे असं चुलते म्हणाले, की नानी तव्यावरून मान न वळवता विचारायची, “संदर्भ हाय का काय त्याला?”

नानी म्हणजे माझी थोरली चुलती. माझे आई-वडील कारेगावात राहायचे. वडील तिथल्या कंपनीत शिफ्टला जायचे आणि खोली इतकी लहान की एकानं पुस्तक उघडलं तर दुसऱ्यानं बाहेर बसावं. म्हणून मी लहानपणापासून गावाकडेच. आमचं गाव शिरूर आणि दौंडच्या मधलं, दोन्हीकडच्या एसटीची वाट बघत बसणारं. घरात आजोबा, त्यांना आम्ही आबा म्हणायचो, मग नाना आणि नानी. शेतात शेवंती आणि थोडा भाजीपाला. उजाडायच्या आत नानी फुलं तोडून यायची, तिच्या बोटांना दिवसभर शेवंतीचा कडवट वास असायचा आणि त्याच बोटांनी ती बाजरीची भाकरी थापायची. घरात गॅस होता, पण भाकरी मागल्या दारच्या चुलीवरच. तिच्या चुलीला कधी धूर व्हायचा नाही, याचा तिला भारी अभिमान. बाभळीची वाळलेली लाकडं ती कुणाला हात लावू द्यायची नाही. भाकरी थापण्याच्या आवाजावरून मला तिचं मन कळायचं. खुशीत असली की थापेला ठेका असायचा, रागात असली की भाकरीचं काही खरं नसायचं. आणि थापता थापता ती बोलायची. मला जे काही गावाचं राजकारण कळलं, ते मी त्या चुलीपुढं पाटावर बसून, लसणाच्या चटणीबरोबर गिळलेलं आहे.

त्यातली एक गोष्ट ती पुन्हा पुन्हा सांगायची. मी पाळण्यात असताना आमच्या गावात ग्रामपंचायतीची निवडणूक लागली आणि आमच्या वॉर्डातली एक जागा बायकांसाठी राखीव निघाली. नानी सातवी शिकलेली. तिनं घरात कुणाला न विचारता भावाला बोलावून घेतलं, शिरूरला जाऊन सदस्यपदाचा अर्ज भरला आणि पेढे घेऊन घरी आली. इकडे भैरोबाच्या देवळात बैठक बसली. निवडणूक बिनविरोध करायची असं ठरलं, कोणाकोणाला घ्यायचं ती नावंही ठरली. त्यात नानी नव्हती. आबा तेव्हा सोसायटीचे चेअरमन, गावात त्यांचा शब्द चालायचा, आणि शब्द त्यांनी देऊन टाकलेला. माघारीच्या दिवशी आबांनी स्वतः तिला जीपमध्ये घालून शिरूरला नेलं आणि अर्ज मागं घ्यायला लावला. परत आल्यावर सगळ्यांनी देवळात बेलभंडारा उचलून देवाची आण घेतली, की झालं ते राजीखुशीनं झालं आणि यापुढं ही गोष्ट गावाबाहेर न्यायची नाही. नानीलाही उचलायला लावला. “पेढं तेवढं आबांनी खाल्लं व्हतं,” एवढं बोलून ती हसायची. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं की गावानं एकमतानं आदर्श घालून दिला. मी लघुप्रबंधाला विषय घेतला तो ‘बिनविरोध ग्रामपंचायत निवडणुका’, आणि घेतला तो नानीसाठी. त्या एकमतात एक मत विचारलंच गेलं नव्हतं, हे कुठंतरी एकदा छापील कागदावर यावं, एवढीच माझी इच्छा होती. पण जगदाळे सर म्हणाले, “चुलतीनं सांगितलं हा संदर्भ होत नाही, वैशाली. कुणीतरी नोंदवलेलं पाहिजे. शोध.”

शोधायचं म्हणजे कुठं, हे मात्र कुणी सांगत नव्हतं. कॉलेजच्या ग्रंथालयात राज्यशास्त्राचं एक कपाट होतं. त्यात अपेक्षित प्रश्नसंच होते, त्यांच्या मागच्या वर्षीच्या आवृत्त्या होत्या, आणि वरच्या खणात काही जाडजूड इंग्रजी पुस्तकं होती, ती कपाटाला शोभा म्हणून असावीत. काच कुलूपबंद. किल्ली ग्रंथपालांकडे, आणि ते निवडणुकीच्या कामाला गेलेले. मी राजकारणाचा अभ्यास करू शकत नव्हते, कारण ग्रंथपाल राजकारणाची ड्यूटी करत होते. ते परत आल्यावर कपाट उघडलं, तर ग्रामपंचायतीवरची दोन्ही पुस्तकं एका निवृत्त प्राध्यापकांच्या नावावर होती, आणि त्यांच्याकडे मागायला जायची कुणाची छाती नव्हती. गावातल्या सार्वजनिक वाचनालयात गेले तर तिथं कादंबऱ्या आणि स्पर्धा परीक्षेची मासिकं. तिथल्या बाईंनी मला आपुलकीनं विचारलं, “तलाठ्याची परीक्षा देतेस का?”

राहिलं इंटरनेट. सर म्हणायचे, आता सगळं जग हातात आहे. माझ्या हातात जो फोन होता त्यावर जग अर्धंच उघडायचं. आमच्या गावात रेंज फक्त पाण्याच्या टाकीपाशी यायची, म्हणून मी टाकीच्या पायऱ्यांवर बसून शोधायचे आणि खालून येणारा-जाणारा विचारायचा, “काय गं, कुणाची वाट बघती?” लेख सापडायचे, नाही असं नाही. मथळा वाचून जीव हरखायचा. पहिला परिच्छेद दिसायचा, आणि मग पान पुसट होत जायचं आणि पाटी यायची, की पुढचं वाचायला तुमची संस्था निवडा. मी यादी उघडायचे. तिच्यात देशोदेशीची विद्यापीठं होती, मला ज्यांची नावं वाचता येत नव्हती अशी. मी ‘शि’ अक्षरापाशी येऊन थांबायचे. आमचं कॉलेज काही त्यात नव्हतं. मला माहीत असायचं की नसणार, तरी दर वेळी मी यादी शेवटपर्यंत बघायचे. परीक्षेत नापास झालेलं पोर बोर्डावर पुन्हा पुन्हा नंबर शोधतं, तसं. आज कुणी मला सांगितलं की ज्ञान सगळ्यांसाठी खुलं झालंय, तर मला ती टाकीची पायरी आठवते.

असंच एकदा टाकीवर बसून मला तो प्रबंध सापडला. कुणा पुण्याच्या बाईंनी पीएच.डी.साठी केलेला, विषय बिनविरोध निवडणुका, आणि उपशीर्षकात चक्क आमच्या तालुक्याचं नाव. पहिली काही पानं दिसत होती. त्यात एका ‘यजमान कुटुंबा’चे आभार मानले होते. पुढं नेहमीचं पुसट पान आणि नेहमीची यादी. मी पळत घरी आले आणि ओसरीवर बसलेल्या आबांना सांगितलं, तर ते शांतपणे म्हणाले, “ती मॅडम व्हय? ती आपल्याच घरी ऱ्हायली व्हती की. त्या विलेक्शनाच्या येळंलाच. लई साधी बाई. नानीच्या हातची भाकरी आवडायची तिला.”

म्हणजे ज्या आठवड्यात नानीचा अर्ज मागं घेतला, त्या आठवड्यात एक शिकलेली, लिहिणारी बाई आमच्याच घरात होती. मी स्वयंपाकघरात जाऊन नानीला गदागदा हलवलं. “तू सांगितलं होतंस का तिला?” नानीनं पीठ मळता मळता विचार केला. “बोलून न्हाई सांगितलं. पर तिनं बगितलं की समदं. माझ्या डोळ्याला पाणी व्हतं, ती म्होरंच बसली व्हती. बाईमाणूस हाय, तिला कळलं आसंल.” तिच्या थापेला त्या दिवशी असा काही ठेका होता की आबाही म्हणाले, आज भाकरी चांगली फुगलीय.

प्रबंध वाचायचा तर पुण्याला जाणं भाग होतं. तिथल्या एका मोठ्या ग्रंथालयात त्याची प्रत होती. दौंडला माझा मामा रेल्वेत होता, कॉलनीत त्याचं क्वार्टर होतं. आदल्या दिवशी मी तिथं जायचे, शंटिंगच्या आवाजात झोपायचे आणि सकाळच्या डेमू गाडीनं पुणं गाठायचे. मामाला हे सगळं पटत नव्हतं. “आगं, पुस्तक वाचाया पुण्याला जायचं? इंजिनसुद्धा इकडून तिकडं जातं. पुस्तक इकडं येत न्हाई?” मी म्हटलं, येत नाही. “मंग त्याला कसलं राज्यशास्त्र म्हणायचं,” असं म्हणून त्यानं मला डब्यात जागा धरून दिली.

पहिल्या खेपेला मला काउंटरवरूनच परत पाठवलं. सरांचं पत्र होतं, पण त्यावर कॉलेजचा शिक्का नव्हता. दुसऱ्या खेपेला शिक्का होता, पण प्रबंध बांधणीला गेला होता. तिसऱ्या खेपेला तो मिळाला. पिशवी बाहेर ठेवायची, फोटो काढायचे नाहीत, झेरॉक्स मिळणार नाही, हातानं काय उतरवायचं ते उतरवा. मी लांब टेबलाशी बसले. इंग्रजी जड होतं, पण गाव ओळखायला मला शब्दकोश लागला नाही. गावाचं नाव बदललं होतं, देऊळ तेच होतं. आबा होते, ‘ज्येष्ठ सहकारी नेते’ म्हणून. ओसरी होती, लसणाची चटणी होती, शेवंतीचा वास होता. परक्या भाषेत आपलं घर वाचताना मला आधी हसू येत होतं. मग नानी आली. ‘यजमानांची सून,’ असं तिचं नाव होतं. बाईंनी तिला विचारलं होतं की तुम्ही अर्ज मागं का घेतला. आणि खाली अवतरणचिन्हांत, इंग्रजी अक्षरांत पण मराठीतच, नानीचं उत्तर होतं: ‘आमच्या गावात सगळं एकमताने होतं. माझी खुशीच होती.’ पुढं बाईंनी लिहिलं होतं की, चुलीच्या धुरानं भरून आलेले डोळे पुसत तिनं हे हसतमुखानं सांगितलं, आणि ग्रामीण स्त्रियांच्या मनात सामुदायिक निर्णयाविषयी किती सहज स्वीकार असतो हे यातून दिसतं.

मी ते पान उतरवून घेतलं. परतीच्या गाडीत मला खूप रडू आलं आणि समोरच्या सीटवरच्या बाईनं न विचारता मला पाण्याची बाटली दिली. यवत स्टेशन कधी गेलं कळलं नाही. इतके महिने मी ज्या कुलपाच्या मागं धावले, त्याच्या आत हे होतं.

घरी आल्यावर मी नानीला ते मराठी करून सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि तिला राग आला तो भलत्याच गोष्टीचा. “माझ्या चुलीला धूर? कवा झाला गं माझ्या चुलीला धूर? त्या बाईला डोळं हायती का न्हाई?” ती तशीच उठली, मागल्या दारी गेली आणि लाकडं उगाच इकडची तिकडं रचत बसली. बऱ्याच वेळानं आत आली तेव्हा एवढंच म्हणाली, “मला वाटलं व्हतं तिला कळलं आसंल.” आणि तेव्हा मला पहिल्यांदा समजलं की इतकी वर्षं नानी एका गोष्टीच्या भरवशावर होती. कुठंतरी, कुणीतरी, तिच्या वतीनं लिहून ठेवलेलं आहे, असं धरून ती चालली होती.

सरांना मी सगळं सांगितलं. ते वाईट माणूस नव्हते, हे मी आधीही सांगितलंय. त्यांनी चष्मा काढून पुसला. “तू घरची आहेस. तू काय ऐकलंस हा पुरावा नाही. छापील स्रोत खोडायचा तर दुसरा स्रोत पाहिजे. त्यांच्याच तोंडून घे. फोनवर रेकॉर्ड कर, मी ते मुलाखत म्हणून मान्य करतो.” मला इतका आनंद झाला की शिरूरहून येताना मी नानीसाठी पेढे घेतले.

दुसऱ्या दिवशी आबा सोसायटीत गेले होते, नाना शेतात. घरात आम्ही दोघीच. नानी भाकरी थापत होती. मी तिला सांगितलं की आता तुझ्या तोंडचं आहे तसं बोल, ते माझ्या लघुप्रबंधात जाईल, कुणी खोडू शकणार नाही. ती खूश दिसली. मी फोन पिठाच्या डब्याला टेकवून ठेवला आणि बटण दाबलं.

“हे कुठं जाणार म्हन्लीस?”

“सरांकडे. मग कॉलेजात, ग्रंथालयात.”

“म्हंजी गावाबाहेर.”

“हो. म्हणून तर.”

थाप थांबली. नानीनं हात पुसले, पदर सारखा करून डोक्यावर घेतला, परकं माणूस दारात आल्यावर घ्यायची तसा, आणि फोनकडं बघून, एकेक शब्द नीट उच्चारून, जवळजवळ शाळेतल्यासारखं म्हणाली, “आमच्या गावात सगळं एकमताने होतं. माझी खुशीच होती.”

मी तिच्या पुढच्या वाक्याची वाट बघितली. मग फोन बंद केला. “झालं बंद?” तिनं विचारलं. “पालथा घाल बगू.” मी पालथा घातला. “आता ऐक,” ती म्हणाली, पुन्हा पाटाशी सरकली, आणि तिनं मला सगळी गोष्ट पुन्हा सांगितली, इतकी तपशिलात की आजवर सांगितली नव्हती. जीपमध्ये आबा काय म्हणाले. ती सगळ्या वाटेनं खिडकीबाहेर बघत कशी बसली. सही करताना तिनं मुद्दाम आपलं माहेरचं नाव आधी लिहिलं आणि ते खोडायला लागलं.

“नानी, अगं हेच मघाशी का नाही बोललीस?” मी ओरडलेच. “आता कुणाला भितेस? आबा घरात सुद्धा नाहीत.”

“भित्ये कुणाला? भंडारा उचलला हाय पोरी. तुला सांगते ती घरातली गोष्ट. गावाबाहेर न्यायची न्हाई म्हणून उचललाय.”

“तुला उचलायला लावला त्यांनी.”

“लावला आसंल कुणी का आसंना. हात माझाच व्हता न्हवं?”

मी तिच्याशी भांडले. विनवण्या केल्या. भैरोबा समजून घेईल म्हणाले. ती माझ्या डोक्यावरून पिठाचा हात फिरवत राहिली आणि माझी समजूत काढत राहिली. जिला गप्प बसायला लागलं होतं ती बाई मला गप्प करत होती, आणि मला काहीही करता येत नव्हतं. कितीही विचार केला तरी त्या दिवशी आणखी काय करता आलं असतं ते मला आजही सुचत नाही. पेढे तसेच डब्यात राहिले. संध्याकाळी ते आबांनी खाल्ले.

सरांना मी ते रेकॉर्डिंग देणार नव्हते, पण त्यांनी मागून घेतलं. कानाला इअरफोन लावून त्यांनी ते ऐकलं, माझं पुण्याहून उतरवून आणलेलं पान शेजारी धरलं, आणि त्यांचा चेहरा उजळला. “अगं, शब्दन् शब्द जुळतोय! इतक्या वर्षांच्या अंतरानं दोन स्रोत, आणि एकच वाक्य. असं संशोधनात क्वचित होतं, वैशाली.” मी म्हटलं, सर, फोन बंद केल्यावर ती वेगळं बोलली. ते म्हणाले, “फोन बंद केल्यावरचं आपल्याला घेता येत नाही.” आणि हे अगदी बरोबर होतं, नियमाप्रमाणं. लघुप्रबंध जमा करायची तारीख उरावर बसलेली होती. त्यातलं ते प्रकरण सरांनी सुचवलं तसं गेलं, खाली दोन तळटिपा घेऊन. अख्ख्या लघुप्रबंधात तेवढ्या एका वाक्यापुढं त्यांनी लाल गोल काढला नव्हता.

नानीनं तो बांधलेला लघुप्रबंध हातात घेऊन बघितला होता. वजन करून बघावं तसा. “हाय का मी ह्यात?” तिनं विचारलं. मी म्हटलं, आहेस. तिनं तो देव्हाऱ्याशेजारी ठेवला. पुढं कधी मला त्यात काय आहे ते वाचून दाखव म्हणाली नाही, आणि मीही विषय काढला नाही.

आता नानी नाही, ती चूलही नाही. फोन किती बदलले, पण ते रेकॉर्डिंग मी एका फोनमधून दुसऱ्यात नेत आले आहे. तेवढंसंच आहे. सुरुवातीला नुसती भाकरी थापल्याचा आवाज येतो, ठेक्यात, खुशीतला. मग माझा आवाज, मग ‘गावाबाहेर’ हा तिचा शब्द, आणि थाप थांबते. मग ते वाक्य. बटण दाबायला मला थोडा उशीर झाला होता, त्यामुळे वाक्यानंतर एक थाप त्यात आली आहे, एकच, इतकी जोरात की पहिल्यांदा ऐकणारा दचकतो. सरांनी ती ऐकली होती, पण तिची तळटीप कशी द्यायची हे त्यांना माहीत नव्हतं, आणि मलाही नाही.